युरोपीय संघाची व्यापारनीती आणि आनंदनगरचे रसायन-कारखाने

अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन जकातसंघ स्थापन केला म्हणजे संघाबाहेरील देशांवर त्याचे कोणते परिणाम होतात, या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा जेकब व्हायनर यांच्या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून सुरू झाली असे मानण्याचा प्रघात आहे. संघामुळे एखाद्या वस्तूचे उत्पादन महाग सभासदाकडून स्वस्त सभासदाकडे गेले तर ती व्यापारनिर्मिती. उलट संघाबाहेरील स्वस्त उत्पादकाला जकातीमुळे डावलून संघातीलच महाग उत्पादकाकडून खरेदी होऊ लागली तर ते व्यापारविचलन. हा भेद आजही उपयुक्त आहे. परंतु या सर्व विवेचनात जकात हेच संघाचे मुख्य साधन गृहीत धरलेले आहे. ज्या संघाच्या औद्योगिक मालावरील जकाती मुळातच अल्प झालेल्या आहेत, त्याचे सामर्थ्य कशात असते, हा प्रश्न व्हायनर यांच्या काळी उद्भवला नव्हता. तो आज उद्भवलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार ब्रुसेल्सच्या बाजूने न करता अंबरनाथच्या अतिरिक्त औद्योगिक क्षेत्रातील, म्हणजे आनंदनगरच्या, रसायन-कारखान्यांच्या बाजूने करावयाचा आहे.

प्रथम संघाची घटना थोडक्यात पाहू. १९५७ च्या रोम करारान्वये सहा राष्ट्रांनी जी आर्थिक संघटना उभारली, तिचा जकातसंघ १ जुलै १९६८ रोजी पूर्ण झाला. त्या दिवसापासून सभासदांमधील जकाती नाहीशा होऊन बाहेरील मालावर एकच सामाईक जकात लागू झाली. १९९३ मध्ये एकसंध बाजारपेठ आली आणि २००९ मध्ये अमलात आलेल्या लिस्बन करारानंतर व्यापारनीतीचा अधिकार पूर्णपणे संघाकडे केंद्रित झाला. वाटाघाटी आयोग करतो, त्याला अधिकारपत्र मंत्रिपरिषद देते, आणि कराराला युरोपीय संसदेची संमती लागते. जर्मनी किंवा फ्रान्स यांच्याशी भारताला स्वतंत्र व्यापारी करार करता येत नाही, याचे कारण हेच. ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडल्यानंतर सभासदांची संख्या सत्तावीस राहिली. तरीही ही बाजारपेठ एवढी विस्तीर्ण व सधन आहे की तिच्या अटी नाकारणे कोणत्याही निर्यातदार देशास परवडत नाही.

आता जकातीचा प्रश्न. उरुग्वे फेरीमध्ये प्रमुख औद्योगिक राष्ट्रांनी रसायनांवरील जकाती एका पातळीवर आणण्याचे मान्य केले. त्यानुसार युरोपात बहुतेक रसायनांवर साडेपाच किंवा साडेसहा टक्के जकात आहे. कृत्रिम रंगद्रव्यांवर ती साडेसहा टक्के आहे. विकसनशील देशांना मिळणाऱ्या सवलतींच्या योजनेतून भारताची सेंद्रिय व असेंद्रिय रसायने २०१४ पासून वगळण्यात आली, कारण त्या वर्गातील भारताचा हिस्सा ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेला होता. म्हणजे यशाबद्दल सवलत गेली! दक्षिण कोरिया, व्हिएतनाम, तुर्कस्तान या देशांचा औद्योगिक माल मात्र करारांमुळे कमी किंवा शून्य जकातीने जातो अथवा टप्प्याटप्प्याने त्या स्थितीस पोहोचतो. रंगद्रव्यांच्या धंद्यात किलोमागे नफा बेताचाच असतो. तेव्हा साडेसहा टक्के ही रक्कम उपेक्षणीय नव्हे. परंतु आनंदनगरच्या कारखानदाराला युरोपची वाट अवघड झाली ती या साडेसहा टक्क्यांमुळे, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याचे कारण निराळे आहे.

अंबरनाथला जकातीची भिंत ठाऊक नाही असे नाही. किंबहुना या गावाचे औद्योगिक जीवन अशाच एका भिंतीमुळे आकारास आले. १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने आयात काड्यापेट्यांवरील जकात दर ग्रोसला दीड रुपया इतकी वाढविली. हेतू महसुलाचा होता. परिणाम मात्र संरक्षणाचा झाला. आगपेट्यांच्या जागतिक व्यापारावर ज्या स्वीडिश कंपनीचे प्रभुत्व होते, तिने बाहेरून माल पाठविण्याऐवजी भिंतीच्या आत कारखाने काढले. ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ १९२३ मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. जुन्या अंबरनाथकरांच्या तोंडी ‘विमको’ हे नाव अजूनही आहे. जकात ही भांडवलाला ओलांडता येते. भांडवलवान परकीयाला तर सहज ओलांडता येते. आज युरोपने उभारलेली भिंत निराळ्या जातीची आहे आणि तिच्यासमोर उभा असलेला मनुष्य आगपेट्यांचा स्वीडिश सम्राट नसून वर्षाला थोडेफार टन रंगद्रव्य किंवा त्याची मध्यवर्ती रसायने करणारा लघुउद्योजक आहे.

ही भिंत म्हणजे १ जून २००७ पासून अमलात आलेला रसायनांच्या नोंदणी, मूल्यमापन, परवाना व निर्बंध यांविषयीचा कायदा. त्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून त्याला ‘रीच’ म्हणतात. त्याचे मूलतत्त्व एका वाक्यात सांगता येते : आकडेवारी नाही तर बाजारपेठ नाही. पूर्वी एखादे रसायन घातक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर होती. आता ते सुरक्षितपणे वापरता येते हे दाखविण्याची जबाबदारी ते बनविणाऱ्यावर किंवा आयात करणाऱ्यावर आली. वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक प्रमाणात संघात येणाऱ्या प्रत्येक पदार्थाची हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेकडे नोंदणी झाली पाहिजे. प्रमाण जसजसे वाढते तसतशी विषारीपणा, विघटन, जलचरांवरील परिणाम इत्यादींची अधिकाधिक माहिती द्यावी लागते. प्रारंभी २००८ मध्ये पूर्वनोंदणीची मुदत होती. त्यानंतर सर्वसाधारणपणे हजार टनांवरील पदार्थांसाठी २०१०, शंभर टनांवरील पदार्थांसाठी २०१३ आणि एक ते शंभर टनांच्या पदार्थांसाठी ३१ मे २०१८ अशा पायऱ्या ठरल्या. शेवटची मुदत संपली तेव्हा नोंदलेल्या पदार्थांची संख्या साडेएकवीस हजारांच्या घरात होती. पूर्वनोंदणी झालेल्या पदार्थांची संख्या मात्र सुमारे एक लक्ष त्रेचाळीस हजार होती. या दोन आकड्यांमधील सर्वच अंतर त्यागलेल्या व्यापाराचे नव्हे, कारण पूर्वनोंदणीस शुल्क नव्हते आणि अनेकांनी ती केवळ सावधगिरी म्हणून केली होती. तरीपण नोंदणीचा खर्च पाहून किती जणांनी पाय मागे घेतला असेल याची कल्पना त्यावरून येते.

हा खर्च स्थिर स्वरूपाचा आहे, आणि सर्व अडचणीचे मूळ तेथे आहे. हिशेबाच्या सोयीसाठी समजा की एका पदार्थाची माहिती मिळविणे, इतर नोंदणीदारांच्या अभ्यासाचा वापर करण्याचा हक्क विकत घेणे आणि शुल्क भरणे यांस मिळून चोवीस लक्ष रुपये लागले. वर्षाला आठ टन माल युरोपात विकणाऱ्याने हा खर्च पाच वर्षांत वसूल करावयाचा म्हटला तर तो किलोमागे साठ रुपये पडतो. आठशे टन विकणाऱ्यास अधिक चाचण्या कराव्या लागतात. त्याचा खर्च दसपट झाला असे धरले तरी त्याला किलोमागे सहाच रुपये पडतात. शिवाय रंगद्रव्यांच्या धंद्यात एक कारखाना एकच पदार्थ करीत नाही. ग्राहकाच्या मागणीप्रमाणे पाच-पन्नास छटा थोड्या थोड्या प्रमाणात करणे हेच लहान कारखान्याचे सामर्थ्य असते. हा कायदा नेमके तेच सामर्थ्य त्याच्या विरुद्ध फिरवितो, कारण नोंदणी कारखान्याची नसून पदार्थाची असते. साडेसहा टक्के जकात लहान-मोठ्या सर्वांना सारख्याच प्रमाणात पडते. स्थिर खर्च लहानांना चिरडतो. लहान उद्योगांना संस्थेच्या शुल्कात सूट आहे हे खरे, पण चाचण्यांच्या आणि माहितीच्या खर्चात ती नाही.

याहून सूक्ष्म आणि माझ्या मते अधिक दूरगामी परिणाम दुसऱ्या एका तरतुदीचा झाला आहे. संघाबाहेरील उत्पादकाला स्वतःच्या नावाने नोंदणी करता येत नाही. त्याने संघात वास्तव्य असलेली एखादी व्यक्ती किंवा संस्था आपला ‘एकमेव प्रतिनिधी’ म्हणून नेमावी, नाही तर युरोपातील आयातदाराने नोंदणी करावी, असे दोनच मार्ग आहेत. त्यातही एकमेव प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार उत्पादकाला आहे, व्यापाऱ्याला नाही. आता अंबरनाथ-बदलापूरच्या लहान कारखानदाराच्या निर्यातीची जुनी रीत पाहा. तो पुष्कळदा स्वतः निर्यात करीत नसे. मुंबईच्या निर्यातदार व्यापाऱ्याला माल देई. व्यापारी चार कारखान्यांचा माल गोळा करून आपल्या नावाने पाठवी आणि माल कोणाचा हे युरोपीय ग्राहकाला सांगत नसे, कारण ते गुपित हेच त्याचे भांडवल. नव्या कायद्यात ही साखळी टिकणे कठीण झाले. उत्पादकाने प्रतिनिधी नेमला तर उत्पादक उघड होतो आणि व्यापाऱ्याचे गुपित संपते. आयातदाराने नोंदणी केली तर नोंदणीचा हक्क आयातदाराचा होतो. मग तो उद्या तोच पदार्थ चीनमधील दुसऱ्या उत्पादकाकडून घेऊ लागला तर आनंदनगरच्या कारखानदाराच्या हाती काहीच राहात नाही. बाजारपेठेत प्रवेशाचा हक्क ही एक नवी मालमत्ता निर्माण झाली, आणि ती कोणाच्या मालकीची असावी हे सौदाशक्तीवर ठरू लागले. व्यापारविचलनाचा हा प्रकार व्हायनर यांच्या चौकटीत बसत नाही : येथे व्यापार बाहेरून आत वळत नाही, तर बाहेरच्यांमधील लहानांकडून बाहेरच्यांमधील मोठ्यांकडे वळतो.

याबद्दल तक्रार करण्याची जागा म्हणजे जागतिक व्यापार संघटना. तेथील तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या समितीत या कायद्याविषयी भारतासह अनेक देशांनी वर्षानुवर्षे आक्षेप नोंदविले. परंतु त्याविरुद्ध निवाडा मिळविण्याइतके कोणी पुढे गेले नाही. कारण उघड आहे. कायदा परकीय व स्वकीय असा भेद अक्षरशः करीत नाही, आणि आरोग्य व पर्यावरण यांच्या रक्षणाचा हेतू करारानेच मान्य केलेला आहे. जेथे भेदभाव स्पष्ट होता तेथे भारताने युरोपाला हरविलेले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. भारतीय चादरींवरील अवपुंजनविरोधी जकात ठरविताना ‘ऋण’ फरक शून्य धरण्याची जी युक्ती वापरली गेली, ती अपील मंडळाने २००१ मध्ये अवैध ठरविली. पाकिस्तानादी देशांना अमली पदार्थविरोधी कार्याच्या नावाखाली दिलेल्या जादा सवलतीवरही भारताच्या तक्रारीवरून २००४ मध्ये प्रतिकूल निर्णय झाला. (या विजयाचे फळ मात्र विचित्र निघाले. युरोपने सवलतीची ती योजना वस्तुनिष्ठ निकषांवर नव्याने बांधली आणि २०१४ पासून पाकिस्तानला तिचा लाभ पुन्हा मिळू लागला.) जकात, अवपुंजन, सवलत या जुन्या हत्यारांविरुद्ध लढण्याचे नियम आहेत, मानकांविरुद्ध लढणे कठीण, कारण मानक बहुधा योग्यही असते.

ते योग्य असते हेही मान्य केलेच पाहिजे, नाही तर हा सर्व विचार केवळ निर्यातदारांची कैफियत ठरेल. ॲझो वर्गातील काही रंगद्रव्यांपासून कर्करोगकारक ॲमाइन निर्माण होतात. जर्मनीने १९९४ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली तेव्हा भारतीय रंग व कापड उद्योगात मोठी खळबळ उडाली. परंतु भारत सरकारनेही १९९७ पर्यंत अशा एकूण ११२ रंगद्रव्यांच्या हाताळणीवर बंदी घातली. संपूर्ण युरोपीय संघाने बावीस ॲमाइनांच्या बाबतीत वस्त्रात किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घालणारा निर्देश काढला तो त्यानंतर, २००२ साली. बेन्झिडीन हाताळणाऱ्या कामगाराच्या मूत्राशयाला त्यापासून असलेला धोका वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक होता. आपल्या कामगाराचे रक्षण आपण केले, पण त्याला निमित्त जर्मन ग्राहकाच्या कातडीचे झाले, ही गोष्ट आपल्या धोरणकर्त्यांना फारशी भूषणावह नाही. अनु ब्रॅडफर्ड यांनी २०१२ मध्ये ‘ब्रुसेल्स परिणाम’ असे नाव देऊन ज्या प्रक्रियेचे विवेचन केले, ती हीच : संघ आपल्या बाजारपेठेचा नियम करतो, उत्पादक दोन प्रकारचा माल करणे टाळतात, आणि नियम कोणत्याही करारावाचून जगभर पसरतो.

येथे एक मर्यादा दृष्टीआड करता कामा नये. हे नियम पदार्थाबरोबर प्रवास करतात. तो पदार्थ जेथे बनतो तेथील पाण्याबरोबर नाही. नॉनिलफिनॉल एथॉक्सिलेट या धुलाईच्या व रंगाईच्या कामी वापरल्या जाणाऱ्या रसायनाचे उदाहरण बोलके आहे. युरोपातील गिरण्यांमध्ये त्याचा वापर आधीच निर्बंधित होता. तरीही आयात कपडे युरोपीय घरांत धुतले जातात तेव्हा ते रसायन तेथील नद्यांत उतरते असे आढळले. म्हणून ३ फेब्रुवारी २०२१ पासून धुण्याजोग्या वस्त्रांत त्याचे प्रमाण वजनाच्या ०.०१ टक्क्याहून कमी असले पाहिजे असा नियम झाला. नियम उत्तम आहे. परंतु कपडा गिरणीत धुतला जाताना जे रसायन तेथील नदीत गेले, त्याची गणती या नियमाच्या हिशेबात होत नाही. किंबहुना निर्यातीपूर्वी कपडा अधिक स्वच्छ धुऊन पाठविला तरी नियमाचे पालन होते. पाप फक्त एका नदीतून दुसऱ्या नदीत जाते.

ही दुसरी नदी आमच्या विषयात वालधुनी आहे. ज्या वालधुनीच्या काठी शिलाहार मांवाणी राजाच्या काळातील, १०६० सालचा शिलालेख असलेले शिवमंदिर उभे आहे, तिच्यात अंबरनाथ आणि उल्हासनगर या दोन्ही गावांचे सांडपाणी व कारखान्यांचे पाणी उतरत आले आहे. उल्हासनगरातील जीन्स धुण्याच्या व रंगविण्याच्या कारखान्यांनी त्यात भर घातली. २०१४ च्या अखेरीस टँकरमधून नदीत घातक रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये सामायिक सांडपाणी प्रकल्प व नगरसंस्था यांच्यावर जबर दंड ठेवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. या सर्व काळात याच परिसरातील कारखान्यांचा नोंदणीकृत, चाचणी केलेला आणि कागदपत्रांनी परिपूर्ण माल हॅम्बुर्ग किंवा रॉटरडॅमला निर्विघ्न जाऊ शकत होता; कायद्याच्या दृष्टीने त्यात कोणतीही विसंगती नव्हती. पदार्थ सुरक्षित असल्याचा पुरावा आणि तो सुरक्षितपणे बनविल्याचा पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यासाठी युरोप पैसे मोजावयास लावतो, दुसऱ्यासाठी कोणीच नाही.

उत्पादनाच्या पद्धतीकडे संघ मुळीच पाहात नाही, असेही आता म्हणता येणार नाही. कार्बनसीमा-समायोजनाची योजना ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देण्यापुरती सुरू झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून तिचा निश्चित टप्पा लागला. तीत पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन व वीज यांच्या उत्पादनात किती कार्बन उत्सर्जित झाला त्यावर आयातदारास दायित्व येते. रायगड जिल्ह्यातील डोलवी येथील पोलादासारख्या मालाला तिची झळ लागणे क्रमप्राप्त आहे. रंगद्रव्ये आणि सेंद्रिय रसायने तिच्या कक्षेत आलेली नाहीत. पण तत्त्व बदलले, हे महत्त्वाचे. आणि बदलताना संघाने निवडलेले प्रदूषण कोणते, तेही पाहण्यासारखे आहे : ज्याचा परिणाम युरोपच्याही आकाशावर होतो ते. वालधुनीचे पाणी अटलांटिकपर्यंत जात नाही.

भारत व संघ यांच्यातील मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. त्यांच्याविषयीची वृत्तपत्रीय चर्चा मोटारी, मद्य व जकातीचे दर यांभोवती फिरत राहिली. रंगद्रव्यांवरील साडेसहा टक्के शून्य होणे हा लाभच आहे, पण तो ज्याची नोंदणी आधीच झालेली आहे त्यालाच घेता येतो. ज्याचा पदार्थ नोंदलेला नाही त्याच्या दृष्टीने शून्य जकात आणि साठ टक्के जकात यांत फरक नाही. तेव्हा लहान कारखान्यांच्या दृष्टीने खरे प्रश्न अधिक नीरस आहेत. एकाच वसाहतीतील दहा कारखाने एकच मध्यवर्ती रसायन करीत असतील तर त्यांनी प्रत्येकी निराळा प्रतिनिधी न नेमता माहितीचा खर्च वाटून घ्यावा काय? तसे करताना आपली प्रक्रिया शेजाऱ्याला कळेल ही भीती कोणत्या यंत्रणेने दूर करावयाची? येथील प्रयोगशाळांच्या चाचण्या हेलसिंकीत मान्य व्हाव्यात यासाठी उत्तम प्रयोगशाळा-पद्धतीच्या मान्यतेचा खर्च राज्याने उचलावा काय? आणि भारताचा स्वतःचा रसायन-व्यवस्थापनाचा कायदा, ज्याचे मसुदे २०२० पासून चर्चेत आले, तो करावयाचाच असेल तर त्यासाठी लागणारी माहिती युरोपीय नोंदणीदारांकडून पुन्हा विकत घ्यावी लागणार की काय? कारण त्या अभ्यासांची मालकी ज्यांनी खर्च केला त्यांच्याकडे आहे, आणि पुष्कळ पदार्थांच्या बाबतीत ते आनंदनगरचे कारखानदार नाहीत.